सहा वाजेपर्यंत मूल कुठे ठेवायचं? (पाळणाघर, अंगणवाडी आणि सरकारी पैसा)

निगडीकर

मागच्या सोमवारी आमच्या पाळणाघरवाल्या काकूंनी सगळ्या पालकांना संध्याकाळी थांबवून घेतलं. चहा केला होता. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण अडीच वर्षांत काकूंनी कधी चहा विचारला नव्हता. त्यांना तेवढी उसंतच नसायची. सगळ्यांचे कप रिकामे झाल्यावर म्हणाल्या, "दिवाळीनंतर बंद करतेय. गुडघे गेले."

बावीस वर्षं चालवलेलं पाळणाघर. सध्या अकरा मुलं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, महिना सात हजार, त्यात दुपारचा वरणभात आणि चार वाजताचा शिरा नाहीतर उपमा. जवळच्या चकचकीत डेकेअरमध्ये चौकशी केली तर साडेचौदा हजार, डबा आपला, आणि साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड. हिंजवडीहून साडेसहाच्या आत निगडीला पोचून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे पेढे.

हे झालं माझं रडगाणं. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सहज विचारलं, "तुमचा धाकटा कुठे असतो हो दिवसभर?" म्हणाल्या, "मोठी बघती की." मोठी दहा वर्षांची आहे. म्हणजे शाळा? "जाती अधूनमधून." वस्तीत अंगणवाडी आहे, पण ती दुपारी सुटते आणि धाकटा दोन वर्षांचा. तीनच्या आतल्या मुलांना तिथे बसवून घेत नाहीत, त्यांचा आहार पाकिटातून घरी देतात. ताई चार घरची कामं करून सहाला घरी जातात.

तर प्रश्न असा: पाळणाघर ही सरकारने पैसे घालायची गोष्ट आहे का? नवरा म्हणतो, त्यांना द्यावेत, आपल्याला कशाला. मला अजून नक्की ठरवता येत नाहीये. ज्यांनी पाळणाघर चालवलंय, वापरलंय, परदेशात बघितलंय, त्यांनी लिहा.

खवट खोबरे

सरकारने पैसे दिले की पाळण्यावर फोटो येणार. पिशवीवर आले, पाकिटावर आले, आता दुपट्यावर येऊ देत. बाळ ओलं करेल तेवढंच समाधान.

रानमोगरा

खवट, पहिल्याच प्रतिसादात! :-D
वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे.

करदाता

मला कळत नाही, मूल तुमचं, पगार तुमचा आणि बिल माझं? परवडत असेल तर दोघांनी नोकरी करा, नसेल तर एकाने घरी बसा. माझ्या आईने चार मुलं वाढवली, कुठलं पाळणाघर नव्हतं की कुठलं अनुदान नव्हतं. सरकारने रस्ते आणि पाणी नीट द्यावं, तेवढं पुष्कळ झालं.

डोंबिवलीची आजी

करदाता, तुमच्या आईने चार मुलं वाढवली म्हणजे आईने, आजीने, विधवा आत्याने आणि शेजारच्या काकूंनी मिळून वाढवली. मोजून बघा, वाड्यात किती बायका फुकट राबत होत्या. तेव्हाही कोणीतरी बिल भरतच होतं, फक्त पावती फाडत नव्हतं.

मी बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आता आराम कर." दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला नातू माझ्या मांडीवर आणि सून ७:१२ च्या लोकलला. आज सहा वर्षं झाली. धाकटा आला तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही, गृहीतच धरलं. योगासनांचा वर्ग लावला होता, तीन दिवस गेले. माझी रक्तदाबाची गोळी आणि नातवाचं खोकल्याचं औषध एकाच डब्यात असतं. नातवंडांवर जीव आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण आजी ही काही सरकारी योजना नव्हे.

रानमोगरा

"आजी ही काही सरकारी योजना नव्हे" हे फ्रेम करून दिवाणखान्यात लावते.

गिरणगावचा

माझं बालपण गिरणीच्या पाळणाघरात गेलं. आई वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. लोखंडी पाळण्यांची रांग, फिनाईलचा वास आणि एक जाडजूड आयाबाई, एवढं आठवतं. आई मधल्या सुट्टीत यायची तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे. मी ते वेचत बसायचो, असं तीच सांगायची.

त्याच्या आधीची गोष्ट आजीकडून ऐकलेली. तिच्या काळी बायका कामावर निघताना पोराला बाळगोळी चारायच्या. बाळगोळी म्हणजे अफू. पोर दिवसभर खोलीत निपचित पडून राहायचं. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर सक्तीचं झालं. आधी ५० पेक्षा जास्त बायका असतील तर, नंतर ती अट ३० वर आणली. म्हणजे "पूर्वी काय पाळणाघरं होती?" याचं उत्तर, होती. आणि नव्हती तेव्हा अफू होती.

करदाता

काका, लिहिलंत छान. पण तो खर्च गिरणीमालक करत होता, सरकार नाही. मालकाने जरूर करावा, माझी ना नाही.

पगारपत्रक

करदाता, मालकाने करावा म्हटलं की काय होतं ते सांगते. अठरा वर्षं मनुष्यबळ विभागात काढली आहेत. आधीच्या एका नोकरीत, कारखाना चाकणजवळचा, वरून तोंडी निरोप होता की बायकांची संख्या तिशीच्या पुढे जाता कामा नये. एकोणतीसवर गाडी थांबली होती. तिसावी-एकतिसावी चांगली मुलगी मुलाखतीला आली की "कळवतो" म्हणायचं. कागदावर याचा कुठेही पुरावा मिळणार नाही.

मग २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. इथे एक शहाणपण केलं, ५० चा आकडा पुरुष धरून आहे. त्यामुळे एकोणतीसचा खेळ निदान इथे चालत नाही. पण त्याच दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली आणि ईएसआय या सरकारी कामगार विम्यात न बसणाऱ्या बायकांच्या त्या रजेचा सगळा पगार मालकाच्या गळ्यात. रजा हवीच होती. पण खर्च एकट्या मालकावर टाकला की तो नवीन लग्न झालेल्या मुलीकडे कसा बघतो, ते मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. "पुढचा काय प्लॅन?" हा प्रश्न पोराला कधी विचारला जात नाही.

म्हणून माझं मत उलटं आहे. हा बोजा सगळ्यांच्या करातून गेला तरच बायकांची भरती थांबणार नाही.

खवट खोबरे

मालक म्हणतो सरकारने द्यावं, सरकार म्हणतं मालकाने द्यावं, करदाता म्हणतो कोणीच देऊ नये. तोवर आजींचा योगवर्ग रद्द.

मेपल

मॉन्ट्रियलहून. आमच्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरचं पाळणाघर सुरू केलं. आता तो दर नऊ डॉलरच्या वर गेलाय, तरी बाजारभावाच्या मानाने काहीच नाही. उरलेलं सरकार घालतं. २०२१ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने हाच कित्ता देशभर गिरवायचं ठरवलं, पाच वर्षांत ३० अब्ज डॉलर, लक्ष्य दिवसाला सरासरी १० डॉलर.

फायदा डोळ्यांनी दिसतो. लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येने कामावर आल्या, त्या कर भरतात, त्यातून खर्चाचा बराच भाग परत येतो असं तिथले अर्थतज्ज्ञ मांडतात. दीड वर्षाच्या आतल्या पाच मुलांमागे एक बाई, त्यापुढे चार वर्षांपर्यंत आठांमागे एक.

आता दुसरी बाजू. मी गरोदर आहे हे नवऱ्याला कळलं, आईला कळलं आणि तिसऱ्या नंबरवर पाळणाघराच्या प्रतीक्षायादीला कळलं. सासूबाईंना चौथा नंबर, त्या अजून बोलून दाखवतात. तरी जागा मिळाली मुलगी दोन वर्षांची झाल्यावर.

आकडेमोड

मेपल, त्या क्यूबेकवरच बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या तिघांचा गाजलेला अभ्यास आहे. आयांचं नोकरी करणं वाढलं हे त्यात दिसतंच, पण मुलांमध्ये चिंता आणि आक्रमकपणा वाढल्याचंही दिसलं. त्याउलट मिशिगनमधल्या यप्सिलँटी गावात १९६२ साली सुरू झालेला पेरी प्रीस्कूलचा प्रयोग. तिथे गरीब घरची मुलं घेतली, चांगल्या शिक्षिका दिल्या, आणि ती चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला. शिक्षण, कमाई, तुरुंगवास या सगळ्यात ती मुलं इतरांपेक्षा बरी निघाली. जेम्स हेकमन हे नोबेलवाले अर्थतज्ज्ञ त्यावरूनच "लहानपणी घातलेला पैसा सगळ्यात जास्त परतावा देतो" म्हणत असतात.

पण पेरीत मुलं किती? प्रयोगात एकूण १२३, त्यातली निम्मीच वर्गात. साठ मुलांना जीव लावणं वेगळं आणि लाखोंची सोय करणं वेगळं. पाळणाघर चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कसलं पाळणाघर ते सांगा.

मेपल

मान्य. इथेही सीपीई नावाची ना-नफा केंद्रं आणि खाजगी पाळणाघरं यांत फरक आहे, केंद्रं सरस. घाईघाईत जागा वाढवल्या की दर्जा पातळ होतो. भाताच्या पेजेसारखा, पाहुणे वाढले की पाणी वाढतं.

बर्लिनचा बाप

आमच्याकडे जर्मनीत २०१३ पासून एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाचा पाळणाघरावर कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये २०१८ पासून शुल्क माफ, जेवणाचे महिना २३ युरो. आणि जागा मिळाली नाही म्हणून आईचा पगार बुडाला तर भरपाई मागता येते, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं.

तरी जागा मिळायला आम्ही छत्तीस ईमेल केल्या. हक्क आहे, बाई नाही. सांभाळणाऱ्या बायका मिळत नाहीत, कारण पगार त्या मानाने कमी.

सुनंदा_कोथरूड

सगळे पालकांच्या बाजूने बोलताहेत म्हणून लिहिते. मी नऊ वर्षं पाळणाघर चालवलं, तीन वर्षांपूर्वी बंद केलं. हिशोब मांडते, शेवटच्या वर्षाचा.

बारा मुलं, प्रत्येकी साडेसहा हजार, झाले ७८ हजार. तळमजल्याचं भाडं २२ हजार. दोन मदतनीस, प्रत्येकी ११ हजार, म्हणजे २२. दूध-भाजी-किराणा १४. गॅस, वीज, सफाई, औषधं, फुटलेली खेळणी मिळून ६. उरले १४ हजार. सकाळी आठ ते रात्री आठ, शनिवार धरून. त्यातही मे महिन्यात चार मुलं गावाला जातात आणि पालक म्हणतात, "काकू, या महिन्याचे अर्धे घ्या ना." भाडं कोणी अर्धं घेत नाही. वर सोसायटीने "व्यवसाय आहे" म्हणून देखभाल खर्च जास्त लावला आणि दुपारी मुलं रडतात म्हणून तक्रारी केल्या.

निगडीकर, तुमच्या काकूंचे गुडघे गेले असतीलच. पण हिशोबही गेला असेल, विचारून बघा.

पालकांना सात हजार जड जातात आणि काकूंना सात हजारांत भागत नाही. दोन्ही खरं आहे. मधली फट कोणी भरायची एवढाच प्रश्न आहे.

निगडीकर

सुनंदाताई, हे वाचून खजील झाले. मे महिन्यात मीसुद्धा अर्धे दिले होते.

जीआरवाला

माहितीसाठी. केंद्राची योजना आहेच. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना, २०१७ मध्ये तिची राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा'. त्यात अंगणवाडीतच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास, एक सेविका आणि एक मदतनीस. बहुतेक राज्यांत खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. देशभरात अशी १७,००० केंद्रं काढायचं ठरलं.

देशात अंगणवाड्या चौदा लाखांच्या आसपास आहेत. सतरा हजारांना चौदा लाखांनी भागा म्हणजे कळेल.

खवट खोबरे

भागलं. कॅल्क्युलेटर लाजला.

माजलगावचा मास्तर

हिंजवडी, बर्लिन, मॉन्ट्रियल सगळं वाचलं. आता जरा इकडे या.

मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे. दसरा झाला की ऊसतोडीसाठी गाव रिकामं व्हायला लागतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही फडात उतरावं लागतं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहते. मग पोर? पोर सोबत. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, सहा महिने खोपीत.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला परत आणायला फडावर गेलो होतो. पहाटे साडेपाच, अंग गोठवणारी थंडी. ट्रॅक्टरच्या सावलीत, म्हणजे ऊन नव्हतंच, ट्रॅक्टरच्या आडोशाला म्हणू, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याचा बिछाना करून त्यावर तीन लेकरं झोपवलेली. वरून एकच गोधडी. आणि त्यांच्याजवळ माझी विद्यार्थिनी, पाचवीतली, हातात उसाचं वाढं धरून बसलेली. वाढं कशाला? तर ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरला दिसावं म्हणून हलवायला. ते तिचं काम. ती म्हणाली, "सर, आई म्हणती, उठायचं न्हाई हितनं."

सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहं निघतात, गावातच ठेवून घेतो आम्ही. पण धाकट्याला सांभाळायला मोठी लागतेच, म्हणून नाव वसतिगृहात आणि मुलगी फडात. धाकट्याची सोय केल्याशिवाय मोठी शाळेत येत नाही. हे समजायला मला नोकरीची बारा वर्षं लागली. निगडीकर, तुमच्या ताईंची मोठी आणि माझी ही पाचवीतली, एकच गोष्ट आहे.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात साधी तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर मजुरांपैकीच एका बाईने ती सांभाळायची आणि तिला तिची मजुरी मिळायची. कर्नाटकाने २०२३ मध्ये 'कूसिन मने' म्हणून ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढली, चार हजारांचं लक्ष्य धरून. उसाच्या फडाला रोजगार हमी लागू नाही. तिथे मुकादम आहे.

रानमोगरा

मास्तर. काय लिहू.

करदाता

मास्तर, तुमच्या फडातल्या मुलांसाठी माझ्या करातले पैसे गेले तर मला काहीही म्हणायचं नाही. उलट आनंद आहे. माझा विरोध हिंजवडीतल्या दोन पगारांच्या घराला अनुदान द्यायला आहे, तो कायम. कृपया दोन्हीची सरमिसळ करू नये.

पगारपत्रक

एवढं आलात, हेही थोडं नाही. :-)

सेविकेचा मुलगा

माझी आई जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, सत्तावीस वर्षं झाली. वर अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची गोष्ट आलीय, म्हणजे अंगणवाडीची वेळ वाढवायची, म्हणून तिला हा धागा वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाढवा की. मग माझी भाकरी कोण थापतंय ते बी लिवा त्येंच्यात."

तिला पगार नाही, मानधन आहे. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. तेव्हा मानधन १० हजार होतं. २०२४ मध्ये ३ हजारांची वाढ आणि २ हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता असं जाहीर झालं. भत्ता कामगिरीवर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं म्हटलं, तो निकाल आईने छापून तांदळाच्या डब्यावर चिकटवलाय.

काम काय? गरम आहार, लसीकरणाला मुलं गोळा करणं, गरोदर बायकांच्या भेटी, दर महिन्याला वजन. वजनाचा दिवस बघायला या एकदा. आढ्याला काटा टांगलेला, पोराला झोळीत घालायचं, पोर पाय झाडतं, काटा नाचतो. आई एका हाताने झोळी धरते, दुसऱ्या हाताने बांगड्या वाजवते, पोर बांगड्यांकडे बघून क्षणभर थांबतं आणि तेवढ्यात मदतनीस काकू आकडा वाचते. मग तो आकडा मोबाईलमध्ये भरायचा. आमच्या अंगणवाडीत रेंज येत नाही म्हणून आई दुपारी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहते. एका मुलाच्या गरम आहाराचा दर दिवसाला ८ रुपये, २०१७ मध्ये ठरलेला. आठ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं.

दुपारी दोननंतर तिने आणखी चार तास मुलं सांभाळावीत असं वाटत असेल तर दुसरी बाई नेमा, आणि पहिलीला पगार द्या. नुसती वेळ वाढवलीत तर तीच बाई आणखी वाकेल, एवढंच.

खवट खोबरे

आठ रुपयांत आमच्या ऑफिसखाली कटिंगसुद्धा येत नाही. हे विनोद म्हणून लिहिलेलं नाही.

बोर्डीकर

थोडं अवांतर. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी वाटतो, पण तो आपल्याकडे आधीपासून होता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ प्रकल्प, त्यात आपल्याकडचं धारणी होतं आणि धारावी.

आणि मास्तरांनी जे सांगितलं ते ताराबाईंनाही दिसलं होतं. मोठी मुलं शाळेत यावीत म्हणून तिथे शाळेलाच पाळणाघर जोडलेलं होतं. कित्येक दशकांपूर्वीचं उत्तर आहे हे.

माजलगावचा मास्तर

बोर्डीकर, हे डी.एड. ला शिकलो होतो. पाच मार्कांना होतं. पाठ करून विसरलो.

डोंबिवलीची आजी

एक आकडा माझ्याकडूनही, नातवाला झोपवून शोधला. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते आणि करणारा पुरुष ८८. मुलंबाळं, आजारी माणसं सांभाळणं यात धरलेलं नाही, ते आणखी वर. वाड्यातल्या बायका "फुकट" राबत होत्या म्हटलं होतं ना मी, ही त्या शब्दाची फोड.

करदाता

आजी, मी भांडी घासतो हो. रविवारी.

खवट खोबरे

८८ भागिले ७. चालू द्या.

निगडीकर

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांत काय झालं ते सांगते, नाहीतर धागा अर्धवट राहील.

काकूंना सुनंदाताईंचा हिशोब वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला तर दहासुद्धा उरत नव्हते गं." त्यांच्याकडे नऊ वर्षं काम करणारी मदतनीस पाळणाघर चालवायला तयार आहे, पण तिच्याकडे जागा नाही आणि अनामत भरायला पैसे नाहीत. आम्ही अकरा पालकांनी मिळून अनामत भरायची ठरवलीय, महिना साडेनऊ हजार, बारा महिने पूर्ण, मे महिन्यासकट. दोघांना साडेनऊ परवडत नाहीत. एक जण रिक्षा चालवतात, दुसरी मुलगी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांचा फरक बाकीचे नऊ जण वाटून घेणार. करदाता, हे म्हणजे आमचं छोटंसं सरकारच झालं. पहिल्याच बैठकीत "मी दुसऱ्याच्या मुलाचे का भरू" यावर पाऊण तास भांडण झालं, तेव्हा तुमची फार आठवण आली.

पण हे अकरा घरांचं जमलं, कारण आमच्यापैकी नऊ जणांकडे पगार आहे. ताईंच्या वस्तीत असं जमणार नाही. तिथल्या अंगणवाडीत जाऊन आले. सेविका चांगल्या आहेत, पाळणा योजनेचं नाव त्यांनी ऐकलंय, त्यांच्या केंद्राला मिळालेली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत अठ्ठावीस मुलं होती. तीनच्या आतलं बाळ ठेवून घ्याल का विचारलं तर त्यांनी नुसतं खोलीभर बघितलं.

नवरा आणि मी दोघंही थोडे सरकलोय. तो म्हणतो, आपल्याला अनुदान नको पण सोय हवी. मी म्हणते, सोय सगळ्यांना एकच हवी आणि पैसे ऐपतीप्रमाणे घ्यावेत, तरच तिच्या दर्जाबद्दल ओरडायला आपणही असू. फक्त ताईंच्या मुलांसाठी काढलेलं पाळणाघर कसं असेल ते त्या दहा बाय बारामध्ये दिसलं.

रानमोगरा

आणि ताईंची मोठी?

निगडीकर

गुरुवारपासून शाळेत जातेय. धाकट्याला ताई सोबत घेऊन येतात आणि त्यांची कामं होईपर्यंत तो आमच्याकडे सासूबाईंजवळ असतो. नवीन जागा सुरू होईपर्यंत माझाही तिथेच आहे.

डोंबिवलीची आजी

म्हणजे शेवटी परत एक आजीच. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि गुडघे कसे आहेत तेही विचारा.